कॅबिनेटमधे हवा खेळती हवी

मे महिना आला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंगच बदलतो. एरवी कुठला प्रिंटर घेऊ, विंडोज स्लो झालंय काय करू असं चाललेलं असतं, आणि आता जो तो एकच विचारतोय, कॉम्प्युटर तापतोय, फॅन ओरडतोय, काय करू. म्हणून या वेळी दुसरा विषय घेतच नाही, सगळे प्रश्न कॅबिनेटमधल्या हवेचे. एक आधीच सांगून ठेवतो, आपल्याकडे त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणायची सवय आहे, मी मात्र डब्याला कॅबिनेट म्हणणार आणि आतल्या चिपला प्रोसेसर, नाहीतर पुढे सगळा घोळ होईल.

प्रश्न : नमस्कार सर, लालबागला चाळीत राहतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं काम आहे. सिस्टीम पोटमाळ्यावर ठेवलीय, डोक्यावर पत्रे आहेत. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्याच्या बॉक्समधे आलेलाच कूलर, आरटीएक्स ३०६० कार्ड. कॅबिनेट पुढून पूर्ण काचेचं, काचेमागे तीन लाइटवाले फॅन, मागे एक. एक्स्पोर्ट लावलं की दहा-पंधरा मिनिटांत प्रोसेसर ९० च्या घरात जातो आणि मग काम रखडतं. मागच्या आठवड्यात वरच्या बाजूला अजून दोन फॅन बसवले, काडीचा फरक पडला नाही. दुकानदार म्हणतो लिक्विड कूलर टाका. सीझन चालू आहे, पार्टी रोज फोन करतेय, खर्च करू का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : थांबा, लिक्विड कूलरचे पैसे आत्ता खिशातच राहू द्या. तुमच्याकडे फॅन कमी नाहीयेत, सहा फॅन म्हणजे भरपूर झाले. तुमच्याकडे कमी आहे ती हवेला आत यायची वाट.

चाळीतल्या खोलीचंच बघा ना. दार आणि खिडकी समोरासमोर उघडी असली तर पंखा न लावताही वारं खेळतं, आणि खिडकी बंद करून तीन पंखे लावले तरी तीच गरम हवा गरागरा फिरत राहते, घाम काही थांबत नाही. तुमच्या कॅबिनेटला पुढून काच म्हणजे खिडकीच बंद. ते तीन फॅन कडेच्या बोटभर फटीतून जेवढी ओढता येईल तेवढी हवा ओढतायत, बाकी नुसते लाइट दाखवून फिरतायत. त्यात तुम्ही वर दोन फॅन बाहेर फेकणारे लावलेत, म्हणजे बाहेर काढणारे झाले तीन आणि आत घेणारे तीन पण गळा दाबलेले, मग कॅबिनेट हवा कुठून आणणार, तर मागच्या स्लॉटच्या भोकांमधून, जिथे ग्राफिक कार्ड आणि मागच्या फॅनने नुकतीच सोडलेली गरम हवा आहे. तीच परत आत.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, आज रात्री स्वतः करून बघा. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते टाका, एक एक्स्पोर्ट लावा, पंधरा मिनिटांनी प्रोसेसर आणि कार्डाचं टेंपरेचर कागदावर लिहा. मग पुढची काच काढून ठेवा (बहुतेक कॅबिनेटमधे खालून ओढलं की क्लिपा सुटतात, पण लाइटची वायर अडकलेली असेल तर जपून) आणि तोच एक्स्पोर्ट परत पंधरा मिनिटं. आकडा पाच-सात डिग्रीने उतरला की समजा आजार सापडला.

दुसरी टेस्ट मला फार आवडते कारण तिला पैसे लागत नाहीत. एक उदबत्ती पेटवा आणि कॅबिनेटच्या पुढे वीतभर अंतरावर धरा, खोलीतला पंखा बंद करून. धूर सरळ वर गेला तर त्या जागी हवा आत जातच नाहीये. चांगल्या जाळीच्या कॅबिनेटसमोर धूर असा वाकतो आणि पट्टी ओढल्यासारखा आत जातो, बघत राहावंसं वाटतं. मग उदबत्ती मागे न्या, वर न्या, प्रत्येक फॅनपाशी बघा कुठे ओढतोय कुठे फेकतोय. तुमच्या वरच्या दोन फॅनपैकी जो पुढच्या अंगाला आहे ना, त्याच्या खाली बघा, मला जवळजवळ खात्री आहे की पुढून आलेली थोडीफार ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच तो वरून बाहेर काढतोय. तो फॅन काढून टाका. वर ठेवायचाच तर मागच्या कोपऱ्यातला एकच, प्रोसेसरच्या डोक्यावरचा. उदबत्ती दोन मिनिटांच्या वर धरू नका हां, राख आणि काजळी आत जायला नको.

आता थोडं गणित, कारण ते कळलं की पुढे कोणी काही विकू शकत नाही. तुमचं कार्ड फुल लोडला १७० वॉट खातं, प्रोसेसर ७५ च्या आसपास, बाकी मदरबोर्ड, डिस्क, एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) धरून ढोबळमानाने ३०० वॉट पकडू. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते, म्हणजे छोटी इस्त्री आत ठेवल्यासारखं. कॅबिनेटमधून मिनिटाला ५० घनफूट हवा, ज्याला फॅनच्या बॉक्सवर सीएफएम लिहिलेलं असतं, खरोखर आरपार गेली तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा साधारण १०-११ डिग्री गरम राहते. २५ सीएफएम गेली तर तोच फरक २१ डिग्री. आणि बॉक्सवरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, समोर काच आली की त्यातलं किती उरतं ते तुम्ही उदबत्तीने बघालच.

त्याच्यावर पोटमाळा. पत्र्याखाली मे महिन्याच्या दुपारी किती होतं ते तिथे साधा थर्मामीटर टांगून बघा, ३८-३९ दिसलं तरी मला नवल वाटणार नाही. त्यात वरचे दहा-वीस मिळवले की आतली हवाच पन्नाशीला पोचते, आणि कूलरला त्या हवेने प्रोसेसर थंड करायचा असतो. लिक्विड कूलर इथेच उपयोगाचा नाही. पाण्याचा कूलर असो की हवेचा, खोलीतल्या हवेपेक्षा थंड कोणीच करू शकत नाही, पाणी फक्त उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं, शेवटी ती हवेलाच द्यायची. तुमच्या बंद काचेमागे रेडिएटर बसवला तर तोही गुदमरेल.

तेव्हा माझा क्रम असा. आधी काच काढून सीझन काढा, दिसायला वाईट दिसेल पण डिलिव्हरी वेळेवर जाईल. जमलं तर मशीन माळ्यावरून खाली आणा, नाहीच जमलं तर मोठे एक्स्पोर्ट रात्री अकरानंतर लावा, पत्रा निवल्यावर. बऱ्याच बोर्डांच्या बायॉसमधे (मशीन चालू होतानाच उघडायचा सेटिंगचा पडदा) इको मोड असतो, तो चालू केलात तर प्रोसेसर वीज कमी खातो आणि वेगात फरक अगदी थोडा पडतो, उन्हाळ्यापुरता तो ठेवा. आणि पैसे आले की पुढून पूर्ण जाळीचं कॅबिनेट आणि १२० मिमी फॅनचा साधा टॉवर कूलर. बॉक्समधला तुमचा कूलर बुटका आहे, खोलीत एसी असता तर चालून गेला असता, माळ्यावर त्याचा जीव पुरत नाही.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याचा कॉम्प्युटर आम्ही फर्निचरवाल्याकडून करून घेतलेल्या टेबलाच्या कप्प्यात ठेवलाय, कप्प्याला दार आहे म्हणजे धूळ जात नाही. पण तासाभराने आतून मिक्सरसारखा आवाज यायला लागतो आणि दार उघडलं की गरम वाफ अंगावर येते. मला भीती वाटते, आग वगैरे लागणार नाही ना?
— एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, आग लागेल अशी भीती नका बाळगू. प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःच वेग कमी करतो आणि तरी नाही भागलं तर मशीन बंद पडतं, ती सोय आतच असते. पण तुम्हाला जे खटकलंय ते बरोबरच आहे.

कप्पा बंद असला की मागून सोडलेली गरम हवा कप्प्यातच राहते, पुढच्या बाजूने तीच परत आत ओढली जाते, दर फेरीला अजून गरम. फॅनला वाटतं अजून जोरात फिरायला हवं, तो फिरतो, आवाज वाढतो, आणि हवा तीच. धूळ वाचवायला दार लावलंत ती काळजी समजते, पण धूळ महिन्याने पुसता येते, रोज पाच-सहा तास तापलेले पार्ट परत नवे करता येत नाहीत. एसएमपीएसमधे आणि बोर्डावर जे छोटे डब्यांसारखे कपॅसिटर असतात त्यांचा हिशेब असा धरतात की टेंपरेचर दहा डिग्रीने वाढलं की आयुष्य निम्मं.

कप्प्याचं दार बिजागरीतून काढून टाका. मागची प्लायवूडची पाटी असेल तर सुताराकडून तीही कापून घ्या, वायरींसाठी पाडलेलं गोल भोक पुरत नाही. कॅबिनेट भिंतीपासून चांगलं वीतभर पुढे घ्या. सगळ्यात बरं म्हणजे कप्प्यातून काढून टेबलाच्या बाजूला चार बोटं उंच स्टँडवर ठेवा, एकदम लादीवर नको, झाडू मारताना सगळा केर खालच्या जाळीतून आत जातो. आणि वरती क्रोशाचा रुमाल किंवा प्लॅस्टिकचं कव्हर टाकत असाल तर ते मशीन बंद असतानाच.

प्रश्न : मी अकरावीला आहे दादा. जुनं ऑफिसचं कॅबिनेट मिळालंय, पुढे जाळी आहे पण फॅन एकच, मागे. १५०० रुपये साठवलेत. पॉझिटिव्ह प्रेशर चांगलं की निगेटिव्ह? आणि फॅनची कुठली बाजू बाहेर करायची? मित्र म्हणतो सगळे फॅन बाहेर फेकणारे लाव, गरम हवा लवकर जाईल.
— परळ

उत्तर : मित्राला सांग, बाहेर जेवढी हवा जाते तेवढीच कुठून तरी आत येते. सगळेच फॅन बाहेर फेकणारे लावलेस तर कॅबिनेटच्या आत दाब कमी होतो, त्याला निगेटिव्ह म्हणतात, आणि मग हवा मिळेल त्या फटीतून घुसते, यूएसबीच्या भोकातून, साइड पॅनलच्या कडेने, डीव्हीडीच्या रिकाम्या जागेतून, आणि प्रत्येक ठिकाणाहून आपली धूळ घेऊन. आत घेणारे जास्त असले की पॉझिटिव्ह, मग फटींमधून हवा बाहेरच पडते, आणि आत येणारी सगळी हवा पुढच्या जाळीतूनच येते, जिथे तू फिल्टर लावू शकतोस. मुंबईत, त्यात परळला जिकडेतिकडे टॉवरची बांधकामं चालू असताना, मी डोळे मिटून पॉझिटिव्ह सांगेन.

तुझ्या १५०० मधे १२० मिमीचे दोन बिनलाइटचे फॅन यायला हवेत. दोन्ही पुढे, आत घेणारे, आणि मागचा आहे तो बाहेर फेकणारा, बस. आधी स्केलने भोकांमधलं अंतर मोजून जा, जुन्या ऑफिसच्या कॅबिनेटमधे पुष्कळदा ८० किंवा ९२ मिमीचीच जागा असते आणि तिथे १२० चा फॅन बसतच नाही. १२० च्या फॅनच्या दोन भोकांमधलं अंतर १०५ मिमी असतं, ते लक्षात ठेव. मदरबोर्डवर फॅनचे किती कनेक्टर रिकामे आहेत तेही बघून जा. तीन पिनचा फॅन चार पिनच्या कनेक्टरला चालतो, फक्त बायॉसमधे त्या फॅनचा मोड डीसी करायचा, नाहीतर तो कायम फुल स्पीडने बोंबलत राहतो. घ्यायला लॅमिंग्टन रोडला जा, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत दहा मिनिटं, पण दोन-तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय पाकीट काढू नकोस.

बाजू ओळखायची सोपी खूण आहे. फॅनच्या एका बाजूला पाती मोकळी दिसतात आणि दुसऱ्या बाजूला चार दांड्या येऊन मधे मोटरला धरतात. दांड्या ज्या बाजूला, हवा त्या बाजूला पडते. काही फॅनच्या कडेवर बाणही कोरलेले असतात, बोट फिरवून बघ. हे मी एवढं सविस्तर सांगतोय कारण माझं पहिलं मशीन एका दुकानातून जोडून आणलं होतं त्यात मागचा फॅन उलटा बसवलेला होता. पुढून आत, मागूनही आत, आणि बाहेर जायला वाट कुठेच नाही. दोन वर्षं मी उन्हाळ्यात साइड पॅनल काढून काम करायचो आणि प्रोसेसरला दोष द्यायचो, एक दिवस मागे हात लावला तर वारं हाताला लागतच नव्हतं. चार स्क्रू काढून फॅन फिरवला, आणि पॅनल परत लागलं ते लागलं. तेव्हापासून कोणाचंही मशीन बघायला गेलो की आधी मागे तळहात धरतो.

अजून एक, तुझ्या वयाला हे आवडेल. फॅनचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण त्याला लागणारी वीज एक अष्टमांशावर येते आणि आवाज तर कितीतरी खाली येतो. म्हणून एक फॅन जीव तोडून पळवण्यापेक्षा दोन फॅन आरामात फिरवलेले कधीही चांगले. बायॉसमधे फॅन कर्व्ह, म्हणजे किती टेंपरेचरला फॅन किती जोरात फिरवायचा तो आलेख, असतो तो उघडून खेळ, बिघडलं तर डीफॉल्टला आणता येतं.

प्रश्न : घरी पाण्याचा कूलर आहे, वाळ्याचा. त्याच्यासमोरच कॅबिनेट ठेवलं तर चालेल का? थंड वारा थेट मिळेल.
— भांडुप

उत्तर : नको, अजिबात नको. तो कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो, अकोला-नागपूरला हवा कोरडी असते तिथे तो कमाल करतो, पण मुंबईची हवा आधीच ओली, तिच्यात अजून पाणी मावत नाही, त्यामुळे गारवा थोडा आणि दमटपणा फार. त्यात पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरे बसतात. साधा टेबल फॅन बाजूला ठेवा, खोलीची खिडकी उघडी ठेवा, तेवढं पुरे.

प्रश्न : वर्सोव्याला समुद्राच्या अगदी जवळ राहतो. दर पावसाळ्यानंतर कॅबिनेटचे स्क्रू गंजलेले दिसतात, दोन वर्षांत दोन एसएमपीएस गेले. एसी लावतो त्यामुळे मशीन गार असतं, तरीही असं का?
— वर्सोवा

उत्तर : तुमच्याकडे शत्रू उष्णता कमी आणि मीठ जास्त. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे अगदी बारीक कण असतात, ते धुळीबरोबर आत बसतात, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आपल्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात मिठाची बरणी ओली होते ना, तेच बोर्डावर होतं. कोरडी धूळ फारसं नुकसान करत नाही, खारट ओली धूळ मात्र विजेला वाट करून देते आणि तांबं, सोल्डर हळूहळू खाते.

एसीबद्दल एक बारीक गोष्ट आहे, ती नीट वाचा. जुलैमधे बाहेर ३० डिग्री आणि हवेत ८० टक्के दमटपणा असेल तर साधारण २६ डिग्रीच्या खालची कुठलीही वस्तू पाणी धरते, थंड ग्लासाला बाहेरून धरतं तसं. रात्रभर एसी २० वर ठेवून मशीन बंद करून झोपलात, कॅबिनेटचा पत्रा, हीटसिंक (कूलरचा पात्यापात्यांचा धातूचा ठोकळा) सगळं गार झालं, आणि सकाळी एसी बंद करून खिडकी उघडलीत की ती ओली हवा आत शिरून त्याच गार धातूवर दव पडतं. लगेच बटण दाबलंत तर त्या ओलाव्यात करंट. तुमचे एसएमपीएस त्यानेच गेले असं मी इथे बसून ठामपणे सांगू शकत नाही, पण सवय बदलायला काही खर्च नाही. खिडकी उघडली की मशीन तासभर तसंच राहू द्या, खोलीच्या टेंपरेचरला येऊ द्या, मग चालू करा.

बाकी, मशीन खिडकीखालून हलवा, पुढे बारीक जाळीचा फिल्टर लावा आणि तो दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुऊन पूर्ण वाळवून परत लावा. आणि पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद ठेवू नका, रोज तासभर तरी चालवा, आतली ऊब ओल बसू देत नाही. गावाला जायचं असेल तर शेजाऱ्यांकडे किल्ली देता तेव्हा हेही सांगून जा.

प्रश्न : गिरगावात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, दोन मशीन दिवसभर चालू. शेजारीच देवाचा फोटो, सकाळ-संध्याकाळ अगरबत्ती असते. मशीन साफ किती दिवसांनी करायचं? ब्लोअर मारला की झालं ना? प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्टही बदलायला सांगतात, ते आम्ही स्वतः करू शकतो का?
— एक दुकानदार

उत्तर : करू शकता, आणि तुम्हीच करा, कारण तुमच्या दुकानाइतकी धूळ कोणाकडे नसेल. कागदाचा भुगा, रस्त्याची धूळ, आणि त्यावर अगरबत्तीचा चिकट धूर. सुकी धूळ फुंकरीने उडते, पण धुरातलं तेलकट जे असतं ते पात्यांवर बसलं की पुढची धूळ त्याला चिकटतच जाते. देवाला हलवा असं मी म्हणणार नाही, मशीनच त्या भिंतीवरून समोरच्या भिंतीला न्या.

मध्यंतरी अशाच एका दुकानातलं मशीन उघडलं होतं. वरून सगळं ठीक दिसत होतं, फॅन फिरत होता, आवाजही बरा. पण प्रोसेसरच्या कूलरवरचा फॅन स्क्रू काढून उचलला तर खाली हीटसिंकच्या पात्या दिसेचनात. राखाडी रंगाचा एक सलग थर, गोधडीचा तुकडा कापून ठेवावा तसा, चिमटीत धरून उचलला तर अख्खाच्या अख्खा वर आला, गोल, फॅनच्या मापाचा. फॅन इतके दिवस त्या गोधडीवर वारा घालत होता. तो काढल्यावर मशीन नुसतं चालू असतानाचं टेंपरेचर ७१ वरून ४४ वर आलं, पेस्टला हातही न लावता. म्हणून म्हणतो, नुसता बाहेरून ब्लोअर मारून चालत नाही, उलट तो थर अजून आत दाबला जातो. फॅन काढायचा, आणि हीटसिंकला ब्लोअर फॅनच्या उलट्या दिशेने मारायचा.

तुमच्यासाठी दर दोन महिन्यांनी, आणि दिवाळीच्या साफसफाईला एकदा सगळं उघडून. वायर काढा, पॉवरचं बटण दोन-चार वेळा दाबा म्हणजे उरलेला चार्ज जातो, मग मशीन दुकानाबाहेर न्या, वर कोणाचे कपडे वाळत असतील तर आधी त्यांना हाक मारा. ब्लोअर मारताना प्रत्येक फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. ते भिरभिर फिरू दिलं तर मजा वाटते पण बेअरिंग जातं, आणि फिरणारी मोटर उलटी वीजही तयार करते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्टॅटिक चार्ज जमतो. एसएमपीएस कधीही खोलू नका, वायर काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, त्याला बाहेरूनच जाळीतून हवा मारा.

थर्मल पेस्ट दर साफसफाईला बदलायची गरज नाही, कूलर काढलात तरच, किंवा सगळं स्वच्छ करूनही टेंपरेचर उतरत नसेल तर. आणि इथे एक धोका आहे. एएमडीचा एएम४ वाला प्रोसेसर असेल तर जुनी सुकलेली पेस्ट इतकी चिकटते की कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो आणि खालच्या पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्यायची, मग बंद करून, वायर काढून, कूलर थोडा डावीकडे-उजवीकडे पिळायचा, सुटल्याचं हाताला कळतं, मगच उचलायचा. इंटेलच्या बॉक्सवाल्या कूलरला चार पुश-पिना असतात, बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन आधी दाबा, चारही वेळा टक असा आवाज यायलाच हवा, एक जरी अर्धवट राहिली तर कूलर एका बाजूने उचललेला राहतो आणि मशीन मिनिटाभरात तापतं.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा, दोन्ही बाजूंची, धातू चमकेपर्यंत. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी, त्यापेक्षा जास्त नको, श्रीखंड वाढल्यासारखी थापू नका, कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते. आणि कूलर नवा आणला असेल तर तळाचा पारदर्शक स्टिकर काढलाय ना हे बसवण्याआधी एकदा नखाने खरवडून बघा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. २०११ सालचा आय३ कॉम्प्युटर आहे, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, त्यावर लेख टाइप करतो आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल करतो. मागे एकच पंखा आहे. आपले लेख वाचून वाटलं आणखी दोन पंखे बसवून घ्यावेत. कोणते घेऊ?
— विक्रोळी

उत्तर : सर, काहीही घेऊ नका. तुमचं अख्खं मशीन एका जुन्या पिवळ्या बल्बएवढीसुद्धा वीज खात नसेल, तेवढ्या उष्णतेला मागचा एक पंखा भरपूर होतो. मागे तळहात धरून बघा, कोमट वारा हाताला लागतोय ना, मग झालं. नातू पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याच्याकडून एकदा साइड पॅनल उघडून घ्या, बोर्डावरचे ते छोटे गोल डबे वरून सपाट आहेत का फुगलेत तेवढं बघायला सांगा, आणि पुढच्या जाळीवरून सुका ब्रश फिरवून घ्या.